चांदणी पहिली येणारच

भिकननानांनी चांदणीचे दात तपासले, चारी खूर उचलून पाहिले आणि जत्रेतल्या गर्दीला निकाल सांगून टाकला. "गेल्या वर्षी अडथळ्यांच्या शर्यतीत ही नवखी घोडी पहिली आली. यंदाही पहिलीच येणार. नाही आली तर अर्धी मिशी उतरवीन."

"सराव कितीक झालाय?" त्यांनी जाता जाता मालकाला विचारलं.

"वर्षभर कामातच होती, नाना. रोज दोन तास, तेही भर गर्दीत."

नाना खूश झाले.

शर्यत सुटली. चांदणी सुसाट निघाली, तेवढ्यात यात्रा कमिटीने कौतुकाने बोलावलेला बँड वाजू लागला. पहिल्याच अडथळ्यापाशी ती थबकली आणि मान डोलावत जागच्या जागी पाय आपटू लागली. स्वार ओरडून दमला.

"वरातीची सवय लागलीय तिला," मालक ओशाळून म्हणाला. "जिंकल्यापासून प्रत्येक नवरदेवाला हीच घोडी लागते. बँड वाजला की पुढे कुणी नाचलं तरच चालते."

नानांचा हात मिशीवर गेला. मग त्यांनी रुमाल दातांत धरला, मैदानात उतरले आणि तिच्यापुढे नाचू लागले. चांदणी डुलत डुलत, एकेका अडथळ्याला वळसा घालत त्यांच्यामागून निघाली.

ती शेवटची आली. न्हाव्याने नानांची अर्धी मिशी उतरवली, तोच एका नवऱ्या मुलाचा बाप धापा टाकत आला.

"बावीस तारखेला घोडी ठरवलीय. नाचायला तुम्हीच पाहिजे, नाना. आणि मिशी अशीच राहू द्या."