उजेडाचा अंदाज

बायको कालपासून घरी आली नव्हती आणि पोलिसांनी तिचा अलीकडचा फोटो मागितला होता. जगाची लग्नं टिपणाऱ्या फोटोग्राफरच्या घरात तोच सापडेना. कामाआधी उजेडाचा अंदाज घ्यायला तो तिलाच उभं करायचा, पण कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवताना तेवढे फोटो आधी उडवायचा. रविवारचं कार्ड मात्र उतरवायचं राहिलं होतं. त्याने ते रीडरमध्ये खुपसलं. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. तो उठायचा, बसायचा, वायर चाचपायचा. "बाबा, सारखा हात लावू नका," मुलगी खेकसली. अखेर पहिला फोटो उघडला. लग्नाच्या रिकाम्या हॉलमध्ये ती उजेड जोखायचा पांढरा कागद हनुवटीखाली धरून उभी होती. मुलीने चेहरा मोठा केला. "बाबा, आईचे डोळे बघा. रडून सुजलेत." हाच फोटो रविवारी दोनदा निरखून तो तिला म्हणाला होता, "झकास. उजेड अगदी बरोबर आहे."