मुलीची साक्ष

एका नोंदीत आजोबा आणि नातू मिळून अब्बांनी एकच माणूस करून टाकला होता. तिनं प्रुफाच्या कागदावर लाल पेनानं ती नोंद मधोमध तोडली, दोघांना दोन ठिकाणी केलं आणि कागद पटकन गठ्ठ्याच्या खाली सरकवला.

पैगंबरांची वचनं ज्यांनी ऐकली आणि पुढच्यांना सांगितली, अशा माणसांचा कोश होता तो. कुणी कुणाकडून ऐकलं, बोलायला खरा होता का, लक्षात किती राहायचं, आणि शेवटी निकाल: ह्याचं घ्यावं की सोडावं. चाळीस वर्षं अब्बा एवढंच करत आले होते. विद्यार्थी पाठीमागं त्यांना 'तराजू' म्हणत, कारण भल्याभल्यांची त्यांनी कधी भीड ठेवली नाही. नावं सारखी दिसली म्हणून आजोबा-नातू एक करणं ही ह्या विषयात पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक. तसं केलं की माणूस दीडशे वर्षं जगतो! ह्याच चुकीवरून अब्बांनी एका नामांकित प्राध्यापकाची भर सभेत सालटी काढली होती. सात महिने झाले, आता ती त्यांच्या अशा चुका गुपचूप निस्तरत होती. अकरा वाजता छापखान्याचा माणूस नववा खंड न्यायला यायचा होता.

"काय लपवलंस? दाखव बघू."

अब्बा दारात उभे होते. तिनं हात मागं घेतला, पण त्यांनी गठ्ठाच उचलला आणि खालचा कागद बरोबर काढला.

"हे अक्षर तुझं. कधीपासून चाललंय?"

"एखाददुसरी चूक कुणाचीही होते, अब्बा. दमता तुम्ही."

"दीडशे वर्षं जगवलाय मी त्याला! ह्याला दमणं म्हणतात होय?" ते स्वतःच हसले. तिला मात्र रडू आवरेना.

हसू ओसरलं तसे ते समोरच्या खुर्चीत बसले. "डोळे पूस. पेन घे आणि माझी नोंद लिही."

तिनं पेन घेतलं. ती स्वतः हाच विषय शिकवत होती, त्यामुळं काय चाललंय ते तिला सांगायला नको होतं. म्हातारपणी ज्याची स्मृती ढळली, त्याच्या घरच्यांना विचारून एक तारीख ठरवायची. तिच्याआधीचं सगळं ग्राह्य, नंतरचं बाद. ह्यात बेअब्रू काहीच नाही. पण तारीख सापडली नाही, तर सगळंच संशयात जातं, ऐन उमेदीतलं कामसुद्धा.

"सचोटीबद्दल शंका नाही," अब्बा सांगू लागले, जसे कुणाही परक्याबद्दल सांगत. "उतारवयात स्मृती ढळली. अमुक महिन्याच्या आधीचं घ्यावं, नंतरचं सोडावं. महिना तू सांग. घरात दुसरं आहे कोण?"

"गेल्या थंडीपासून," ती म्हणाली. एवढ्यानं आठवा खंड बचावत होता. नवव्याचीही शेवटची पानं तेवढी गेली असती.

अब्बांनी चष्मा काढला. "हे माझी लेक सांगतेय, की जाणकार बाई?"

आठव्या खंडासाठी त्यांनी किती कष्ट उपसले होते ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बोटं सुजायची, तरी कुणाला हात लावू देत नसत. कसं सांगायचं ह्या माणसाला?

"अम्मी गेली त्या महिन्यापासून," ती शेवटी बोलली. "दफन करून आलो आणि तुम्ही म्हणालात, अम्मीला हाक मार, चहा निवतोय. मला वाटलं, दुःखानं बोलताय. पण दुसऱ्या दिवशीही म्हणालात. मग महिनाभर म्हणत होतात."

"तीन वर्षं झाली."

"हो."

"म्हणजे आठवा गेला."

"हो, अब्बा."

"आणि हाही."

अब्बांनी गठ्ठ्यावर पालथा हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग म्हणाले, "लिही." तिनं लिहिलं. अक्षर तिचं तिलाच ओळखू येईना.

"पहिल्या सातांना आता कुणी बोट लावू शकणार नाही," ते म्हणाले. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखा ठणठणीत होता. "चोख काम केलंस."

इतक्यात घंटा वाजली. छापखान्याच्या माणसाला तिनं दारातूनच सांगितलं, नववा येणार नाही. "अहो बाई, मशीन अडवून ठेवलंय! थट्टा आहे का?" तो तणतणला. तिनं ऐकून घेतलं, माफी मागितली आणि त्याला कसाबसा वाटेला लावला. दहा मिनिटं गेली असतील.

ती परत आली तेव्हा अब्बा खुर्चीत टेकून निवांत बसले होते. चेहऱ्यावर कसला ताण नव्हता.

"आलीस? चल, आज किती नोंदी राहिल्या? निकाल द्यायला बसू."

ती उभीच राहिली. टेबलावर तिनं मघाशी लिहिलेला कागद पुढ्यात होता. तिनं तो उचलला. नाव ऐकलं की मन एका बाजूला झुकतं, म्हणून निकालाच्या वेळी नाव गाळून वाचायचं, हा अब्बांचाच शिरस्ता. तिनं नाव गाळलं आणि बाकीचं वाचलं.

अब्बांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"बिचारा," ते म्हणाले. "साक्ष कुणाची?"

"मुलीची."

"घरच्या माणसाची? मायेपोटी तारीख पुढं ढकलली असेल तिनं."

"नाही ढकलली, अब्बा."

अब्बांनी डोळे उघडले.

"फार जड गेलं असेल पोरीला," ते म्हणाले. "ग्राह्य धर. पुढचा वाच."