पांढऱ्या कोटावरचा डाग

"इदेनु, रावरे? हे निळं काय करून ठेवलंत?" कृष्णमूर्तींनी कोटाच्या छातीवर बोट ठेवलं.

कोट बंद गळ्याचा, पांढऱ्याशुभ्र लिननचा. रविवारी त्यांच्या मुलाचं लग्न होतं. आणि खिशाच्या खाली चार बोटांचे निळे ठसे, कुणी मुद्दाम उमटवावेत तसे.

अंबाजीरावांनी कोट घेतला, दाराशी उजेडात नेला, मान तिरकी करून पाहिला. मग वळले ते थेट सुनेकडे, दीपश्रीकडे.

"बघा सर, ही हिची जीन्स! चाळीस वर्षं या मंडी मोहल्ल्यात पांढरं कापड शिवतोय. एक ठिपका पडला नाही. आमचे आजे-पणजे रंगारी होते. त्यांनी दिलेला रंग कापड फाटलं तरी सुटायचा नाही. आणि हे कापड बघा, टेकेल तिथं रंग सोडतंय. हिला वाटतं, पाय कापले, दुमडले, टीप मारली की झालं शिंपीकाम. गवत कापणाऱ्यालाही जमेल हे."

दीपश्रीनं मशिनवरचा पाय काढला. "मामा, माझ्याकडची जीन्स मी आधी..."

"सुम्ने बस! गिऱ्हाइकासमोर तोंड उघडू नको."

तिनं पाय पुन्हा मशिनवर ठेवला. ते ठसे कुणाचे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सकाळी एका गिऱ्हाइकानं कोरी जीन्स चुकून मामांच्या टेबलावर ठेवली होती. "ही घाण उचल इथून," म्हणत मामांनी ती दोन्ही हातांनी चुरगाळून तिच्या अंगावर फेकली. आणि त्याच हातांनी हा कोट हँगरला चढवला.

दीपश्री स्वतः असं कधीच करत नसे. कोरी जीन्स आली की ती आधी ओलं पांढरं फडकं आतल्या शिवणीवर घासून बघे. फडकं निळं झालं की जीन्स उलटी करून, दुसऱ्या कपड्यांत न मिसळता, गार पाण्यात भिजवायची. पाणी निवळ येईपर्यंत तिला कात्री लावायची नाही. तिच्या टेबलावर जुनी चादर, बाजूला साबण, आणि पांढऱ्या कापडाला हात लावण्याआधी हात धुवायचे. "बघा, पँटीला अंघोळ घालते," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गेली तीन वर्षं दुकानात येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांतली आठ तिच्या मशिनकडे जात होती. मामांच्या लेखी ती आठ माणसं मूर्ख होती आणि दीपश्री त्यांच्याहून मूर्ख.

"उद्या अकराला येतो," कृष्णमूर्ती म्हणाले. "डाग दिसला तर कोट तुम्हीच घाला."

दुसऱ्या दिवशी दीपश्रीनं नऊलाच दुकान उघडलं. कोटाच्या आत घडी घातलेला टॉवेल धरला. गार पाण्यात साबण कालवून, घासायचं नाही असं हाताला बजावत, कडेकडून आत टिपत गेली. रंग वरवर बसला होता, धाग्यात मुरला नव्हता. तासाभरात लिनन पहिल्यासारखं झालं. तिनं ते पंख्याखाली वाळवलं, वरून इस्त्री फिरवली आणि कोट दर्शनी खुंटीला लावला.

तिच्या मनात एक वाक्य तयार होतं. माझी जीन्स नव्हती, मामा, तुमचे हात होते. तेही कृष्णमूर्तींसमोर सांगायचं. मग मामांचं तोंड कसं होईल, याचं चित्र तिनं इस्त्री करता करता चार वेळा रंगवलं होतं. प्रत्येक वेळी ते जास्तच केविलवाणं होत गेलं आणि तिला जास्तच गोड लागलं.

मामा साडेदहाला आले. खुंटीवरचा कोट काढून त्यांनी दाराशी नेला, मान तिरकी केली. दीपश्री वाट बघत राहिली.

"लाज कशी वाटत नाही तुला?" ते ओरडले. "मला झोप नाही, आणि तू कोट तसाच टांगून ठेवलास? बघ! कालपेक्षा पसरलाय!"

त्यांचं बोट कोऱ्या, स्वच्छ लिननवर टेकलेलं होतं.

थट्टा करतायत, असं तिला क्षणभर वाटलं. पण मामांनी आयुष्यात कधी थट्टा केली नव्हती. तिनं त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. तीन वर्षांत या माणसाच्या नजरेला तिनं नजर दिलीच नव्हती. बुबुळांवर मोतीबिंदूची धुरकट साय पसरली होती.

ते घोटलेलं वाक्य तिनं सोडून दिलं.

"मामा," ती हळू म्हणाली, "डाग मी सकाळीच काढलाय. तिथं काही नाही."

ते बोट तिथंच राहिलं.

तेवढ्यात कृष्णमूर्ती पायरी चढून आत आले. त्यांनी कोट ओढून घेतला, चष्मा वर केला, खाली केला, कापड उलटंसुलटं केलं.

"अब्बब्बा! मागमूस नाही. कुणी काढला हो?"

"मामांनीच," दीपश्री घाईघाईनं म्हणाली. "त्यांनी काल बघितलं, आणि लगेच..."

"सुनेनं काढला," अंबाजीराव म्हणाले. "मला तो दिसलाच नव्हता, सर. कालसुद्धा नाही."