खालून तिसरी ओळ

इंग्रजांच्या बाजूने लढताना मेलेल्या शिपायांची नावं कोरलेला दगड नाशिकच्या एका चौकात शंभर वर्षं उभा आहे. स्वातंत्र्य आलं तेव्हा "गुलामीची खूण फोडा" म्हणत लोक घण घेऊन निघाले. लंकाबाईच्या सासूने त्याआधीच दगडाला शेंदूर फासला. देवावर घण कोण घालणार? पुढे रोज झेंडू वाहताना सासू हळूच सांगायची, "खालून तिसरी ओळ तुझ्या आजेसासऱ्याची." लंकाबाईला ती कधी दिसलीच नव्हती. आज सकाळी इतक्या वर्षांची शेंदराची खोळ गळून पडली, आणि दुपारी "दगड हटवा" म्हणणाऱ्यांचा मोर्चा यायचा होता. लंकाबाईने तिसऱ्या ओळीवरून एकदाच बोट फिरवलं, मग सासूच्याच डबीतला शेंदूर तेलात कालवून ती भराभर थापू लागली. नात हर्षाली कळवळली, "आजी, नाव आत्ता कुठे दिसलं, परत झाकतेस कशाला?" "झाकलं म्हणून तर टिकलं, बाई."