कडक स्प्रिंगा

मेकॅनिक राजपालनं क्लचचे दोन संच गॅरेजच्या काउंटरवर मांडले. एक कंपनीचा, गाडीसोबत येतो तसा. दुसरा शर्यतीच्या गाड्यांचा, जाड प्लेटा आणि कडक स्प्रिंगांचा. पौर्णिमानं दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"हे घेऊ नका ताई," राजपाल म्हणाला. "पकड जबरदस्त आहे याची, पण लिव्हर असं जड होते का वाशीमच्या गर्दीत मनगट बोंबलते. पयले खोलून तर पाहू."

पौर्णिमाला धीर नव्हता. आदल्याच दिवशी गावाहून, धनजहून येताना चढावर इंजिन नुसतंच गरजलं आणि गाडी काही उचलेना. साडेसहाशे सीसीची मोटरसायकल, आणि एसटी तिला ओलांडून गेली! वर खिडकीतल्या एका बाईनं टाटा केला. वर्षभरात क्लच दुसऱ्यांदा घसरत होता. उद्या हेच ऐन धनजमध्ये, बाबांच्या डोळ्यांसमोर झालं तर?

तिचं सगळं दुखणं तिथंच होतं. पौर्णिमा वीज कंपनीत तंत्रज्ञ. खांबावर चढणारी पोरगी म्हणून लोक तिला ओळखायचे. स्वतःच्या पगारातून गाडी घेऊन ती पहिल्यांदा गावी गेली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. तिचे वडील माणिकराव तेवढे दारातच उभे राहिले. जन्मभर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवून आता कुठे त्यांनी स्वतःचा जुना ट्रॅक्टर घेतला होता. "शेडात लाव. उन्हानं टाकी तापते," एवढं बोलून ते आत गेले. त्यानंतर गाडीबद्दल चकार शब्द नाही. दर रविवारी ती जायची, ट्रॅक्टरशेजारी गाडी लावायची, जेवून झोपायची आणि उन्हं कलली की निघायची. बाबा कधी तिच्या मागे बसले नाहीत. कारंज्याला जायचं असलं तरी फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे. बापानं 'बरी आहे गाडी' एवढं तरी म्हणावं, असं तिला फार वाटे. ते म्हणत नसत, याचा तिला राग यायचा आणि रडूही यायचं.

राजपालनं खाली ट्रे सरकवून तेल सोडलं. दोन बोटांत चोळून पाहिलं आणि तिच्याकडे वळला.

"तेल कोणं बदललं?"

"तुम्हीच. दिवाळीत."

"म्या टाकलेलं हे नाही. हे कारचं आहे, अन् थेही सगळ्यात भारी. चार-आठ दिवसांखाली टाकलेलं दिसते. तुमच्या गाडीचा क्लच तेलातच बुडून राह्यते ताई. कारचं तेल लय बुळबुळीत, प्लेटा धरतीनच कशा?"

"माझ्या गाडीला दुसरं कोणी हात लावत नाही," पौर्णिमा म्हणाली. म्हणता म्हणताच तिला शेड आठवलं. तिनं तिथूनच आईला फोन लावला.

पंचफुलाबाईंनी आधी टाळाटाळ केली. मग म्हणाल्या, "त्याइनं सांगू नको म्हटलं होतं. तू जेवून झोपली का तुहा बाप शेडात जाते. गाडी पुसते, चेन पाह्यते. तेल जरा काळं पडलं का बदलते. कारंज्याच्या दुकानात म्हणते, सगळ्यात भारी असन थे दे, माह्या पोरीची गाडी आहे. काहून, काही बिघडलं काय?"

"नाही. मग मले कधी बोलले काहून नाहीत?"

"तुह्यापुढं बोलन होय थे? विहाराच्या ओट्यावर बसून साऱ्या गावाले सांगते. लोकं कटाळले आता. म्हणते, जिंदगीभर दुसऱ्याच्या मशीनीत तेल टाकलं, आता माह्या लेकीच्या मशीनीत टाकून राह्यलो."

"अन् मागं काहून बसत नाहीत?"

"पायजम्याले ग्रीस राह्यते ना वं. शीट मळन म्हणते तुही."

पौर्णिमानं फोन ठेवला आणि ओढणीनं डोळे पुसले. राजपालला सगळं ऐकू गेलं होतं. तो उगाच पान्हे पुसत बसला.

"ट्रॅक्टरचा क्लच कोरडा राह्यते," थोड्या वेळानं तो म्हणाला. "तेलाचा अन् त्याचा संबंधच नाही. म्हणून बाबाच्या ध्यानात आलं नसन. सोपं आहे ताई. कंपनीच्या प्लेटा टाकतो, तेल बदलतो. बाबाले फक्त एक बार सांगून द्या."

तेच तर जमणारं नव्हतं. माणिकरावांना ती ओळखून होती. मागे एकदा त्यांनी पंख्याची वायर जोडली, तेव्हा 'चुकीची जोडली' असं पौर्णिमा सहज बोलून गेली. तेव्हापासून त्या माणसानं घरातल्या वायरीला बोट लावलं नव्हतं. चुकलं असं कळलं की ते रागवायचे नाहीत. गुपचूप बाजूला व्हायचे. आता ते गाडीपासून बाजूला झाले, तर रविवारच्या दुपारी शेडात कोणी जाणार नव्हतं.

"राजपालदादा, कडक स्प्रिंगा टाकल्या तर या तेलात प्लेटा धरतीन?"

"धरतीन. पण हात दुखन, सांगून ठेवतो. चांगल्या क्लचचं काम तुमी कायले अवघड करता?"

"दुखू द्या. हात माझा आहे." ती हसत होती. इतक्या ताठ मानेनं ती त्या गॅरेजात कधीच उभी राहिली नव्हती.

राजपालनं शर्यतीचा संच फोडला. तेलाचा ट्रे पायानं बाहेरच्या नालीकडे सरकवू लागला, तशी ती पुढे झाली.

"थे तेल फेकू नका दादा. गाळून परत माह्याच गाडीत टाका."