पातळ तेल

"जाडच तेल टाका, मिस्त्री. गाडी जुनी आहे," सोपानराव म्हणाले.

"गाडी जुनी, इंजिन आता नवं. बोअर केलंय, पिस्टन-रिंगा बदलल्यात. झिजलं होतं तेव्हा जाड ठीक होतं, आता पातळच हवं. खडखडही जाईल," म्हणत इलियास मिस्त्रीनं डबा उघडला.

सोपानरावांना ते पटलं. पण ट्रकची जुनी खडखड त्यांच्या सोयीची होती. नाक्यावरून ती ऐकू आली की बायको तवा गॅसवर ठेवायची.

संध्याकाळी ट्रक घरासमोर थांबला, तरी ती बाहेर आली नाही. रस्त्यावरून जाणारी दुसरीच गाडी वाटली असणार. 'मिस्त्रीनं गाडी मुकी केली,' असं पुटपुटत ते पायरीवर चढले आणि थबकले.

आत बायको शीळ घालत होती. लांब, सुरेल. बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणतात. आजवर नाक्यावरची खडखड ऐकताच ती थांबत असणार.

ते पायरीवरच बसले. खिशातला फोन थरथरला.

"कसा आहे आवाज?" इलियासनं विचारलं.

"गोड," सोपानराव हळूच म्हणाले. "पुढेही हेच तेल टाका."