पांढरं पिंप

जिवल्याने कोयता टेबलावर हाणला तेव्हा दीपा सिस्टर हात धुण्याच्या सहा टप्प्यांपैकी चौथ्यावर होत्या. कोयता टेबलावर पसरलेल्या लसीकरणाच्या तक्त्यातून आरपार जाऊन लाकडात रुतला. तक्त्यावरच्या हसऱ्या बाळाचं मुंडकं वेगळं झालं. समोरच्या नऊ आया पोरं काखोटीला मारून भिंतीशी सरकल्या. त्यातल्या दोघींच्या हातांना अजून फेस होता.

हा फेस धुवायला कोपऱ्यात पांढरं पिंप होतं. आठ दिवसांपूर्वी, लसीकरणाच्याच दिवशी, एका कंपनीने ते उपकेंद्राला भेट दिलं होतं. नारळ फुटला होता, फोटो निघाले होते. पोरांनी चार दिवसांत नळाजवळचा रंग खरवडून काढला, तेव्हा सिस्टरांनी तेवढ्या जागेवर ‘सुदृढ बालक’चा स्टिकर चिकटवून टाकला होता.

“सुई टोचलीस त्या दिसापासून पोर ओकते माझी!” जिवल्या ओरडला. मागे त्याची बायको सोमी उभी होती. तिच्या खांद्यावर दहा महिन्यांची दिशा ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. “ही मेली तर तुझी मान इथंच पडंल.”

अशा प्रसंगांसाठी सिस्टरांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. नातेवाइकांशी शांत स्वरात बोलावं, असं त्यात शिकवलं होतं. त्या शांत स्वरात म्हणाल्या, “जिवल्या, आधी बस बघू.” जिवल्याने त्यांचा अंबाडा धरला आणि डोकं वजनकाट्यावर आपटलं. काट्याने साडेचार किलो दाखवले आणि तो पुन्हा शून्यावर आला.

भुवईतून रक्त गळत असताना सिस्टरांनी पोरीच्या पापण्या उघडल्या. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळेची तार लागली होती.

“सुईनं असं होत नाही,” त्या म्हणाल्या. “हे केमिकल आहे.”

त्यांनी एकशे आठला फोन लावला. गाडी बोईसरहून निघाली, वीस मिनिटं म्हणाले. गाडीचा रस्ता खाली जिवल्याच्या झोपडीपाशी संपत होता, म्हणून सगळे खाली निघाले. निघताना सिस्टरांनी टेबलावर पाय टेकवला, दोन्ही हातांनी कोयता उपटला आणि बरोबर घेतला. आपलं हत्यार बाई घेऊन चालली आहे, हे जिवल्याला अर्ध्या उतारावर कळलं.

झोपडीच्या पडवीत निळं पिंप होतं. तसं ते पाड्यातल्या घराघरात होतं. कारखान्यातलं केमिकल संपलं की पिंप भंगारवाल्याकडे यायचं आणि भंगारवाल्याकडून पाणी भरायला पाड्यात. वर्षभर दर मंगळवारी सिस्टर घसा फोडून सांगत होत्या, निळ्या पिंपातलं पाणी पोरांना पाजू नका. वर्षभर पाडा माना डोलवत होता. माना डोलवायला पाडा कधीच कमी पडला नाही.

सिस्टरांनी पदर खोचला आणि निळ्या पिंपावर कोयता घातला. प्लास्टिक दांडगं होतं, कोयता उसळून परत आला. दुसरा घाव घातला. तिसऱ्या घावाला पिंप फाटलं आणि पाण्याचा लोंढा पडवीतून अंगणात आला. सिस्टर थांबल्या नाहीत. वर्षभराचे बावन्न मंगळवार त्यांच्या हातात आले होते. कोंबड्या पळाल्या, शेजारची म्हातारी देवाचं नाव घेऊ लागली, पिंपाच्या चिंध्या झाल्या.

“माझं पिंप फोडतेस?” जिवल्याने त्यांना धक्का दिला. सिस्टर चिखलात पडल्या, कोयता मात्र सोडला नाही. त्याने चुलीशेजारचा पाटा उचलून डोक्यावर धरला.

“नको मारू तिला!” सोमी पोरीसकट मध्ये पडली. “पोरीनं या पिंपातलं पानी पिलंच नाय!”

पाटा हवेतच राहिला.

“सिस्टरच बोलल्या ना, निळ्यातलं पाजू नको म्हनून? मी आयकलं त्यांचं. यातलं भांड्यांना घेते. पोरीसाठी रोज वर दवाखान्यात जाऊन पांढऱ्या पिंपातनं कळशी भरून आनते. आठ दिस झाले, तिला तेच देते.”

चिखलात बसलेल्या दीपा सिस्टरांनी वर उपकेंद्राकडे पाहिलं. वर्षभरात त्यांचं एकीनेच ऐकलं होतं.

गाडी आली. आतला तरुण डॉक्टर उडी मारून उतरला, पोरीच्या तोंडाचा वास घेतला आणि सुई भरू लागला. अंगणातल्या सगळ्यांनी जिवल्याकडे पाहिलं. जिवल्याने हातातला पाटा हळूच खाली ठेवला.

“द्या,” तो म्हणाला.

सुई गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग दिशा चिरक्या आवाजात रडली, आणि जिवल्या गाडीच्या चाकाला टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

“गाडीत एकालाच जागा आहे, आईने बसावं,” डॉक्टर म्हणाला. “आणि ज्या पिंपातलं पाणी पोटात गेलं, त्यातलं बाटलीभर मला हवंय. कुठलं पिंप? हे फोडलेलं?”

“नाही,” दीपा सिस्टर उठत म्हणाल्या. “उपकेंद्रातलं. वरून पांढरं आहे. स्टिकरखाली निळं दिसत होतं. तो स्टिकर मीच लावला.”

मग त्यांनी कोयत्याचं पातं आपल्याकडे वळवलं आणि मूठ जिवल्यापुढे धरली.